दुसरी पुडी

आमच्या घरात काकांनी कधी कुणाला 'नको' म्हटलं नाही. नको म्हणायचा तो देव. काका नुसते देवघराच्या उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहायचे आणि निकाल लागला की सुस्कारा टाकून म्हणायचे, "माझ्या हातांत काय आहे?" त्यांच्या हातांत काय होतं ते मला फार लहानपणी कळलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डूख धरला. आता ते नाहीत. मीही म्हातारी झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना पाळायचं असेल त्यांनी ते पाळावं.

आम्ही तंजावरला राजवाड्यामागच्या एका गल्लीत राहत होतो. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, आणि स्वयंपाकघरात दोन्हींची भेसळ. मी पाळण्यात असतानाच वडील गेले होते. आई, माझ्याहून बरीच मोठी माझी अक्का आणि मी अशा तिघीजणी काकांच्या आश्रयाला होतो. काका वडलांचे थोरले भाऊ, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. माणूस कधी आवाज चढवायचा नाही. जेवायला बसताना 'त्यांना वाढलं का' म्हणून आमची चौकशी करायचे, ती शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आमचा हात त्यांच्या दगडाखाली होता आणि ते आम्हाला विसरू द्यायचे नाहीत.

घरात काही ठरवायचं झालं की फुलं पाहायची. गाय घ्यावी का, विहिरीचा कठडा यंदा बांधावा का, अमक्या सोयरिकीला होय म्हणावं का, सगळ्याला फुलं. आमच्या पूर्वजांनी देवाला कौल लावायची सवय तिकडून, मराठी मुलखातून, आणली असेल आणि इकडची तमिळ रीत तिला येऊन चिकटली असेल. रीत अशी: एक पांढरं आणि एक तांबडं कण्हेरीचं फूल घ्यायचं. कण्हेरच, कारण तिला वास नाही आणि दोन्ही रंगांची फुलं एकाच आकाराची. मोगरा बांधला तर डोळे मिटूनही ओळखेल कुणी. केळीच्या पानाच्या दोन सारख्या तुकड्यांत ती गुंडाळून केळीच्या सोपाच्या धाग्यानं बांधायची. शुक्रवारी दिवा लावून दोन्ही पुड्या देवापुढे ठेवायच्या, प्रश्न मोठ्यानं सांगायचा आणि लहान मुलीला एक उचलायला लावायची. पांढरं म्हणजे हो, तांबडं म्हणजे नको.

दुसरी पुडी उघडायची नाही. ती तशीच बांधलेली नेऊन वाहत्या पाण्यात सोडायची. "देवानं एकदा सांगितलं," काका म्हणायचे, "मग त्याच्या मनांतलं आणखी कशाला उकरायचं?" घरात शिकलेली माणसं होती, इंग्रजी पेपर वाचणारी होती, पण दुसरी पुडी कां उघडायची नाही हे कुणी विचारलं नाही. पुड्या काका स्वतः बांधायचे, आंघोळ करून ओलेत्यानं, देवघराचं दार लोटून.

उचलणारा हात माझा होता. मला त्याचा केवढा ताठा! शेजारच्या घरांतूनही बोलावणं यायचं. 'हिचा हात चांगला' म्हणून पावडै, म्हणजे रेशमी परकर नेसवून मला पाटावर बसवत आणि नंतर मूठभर मुरुक्कू, म्हणजे चकल्या, देत. मला वाटायचं, देव माझ्या बोटांतून बोलतो. पुडी पाण्यात सोडायचं कामही माझंच.

अक्का त्या वर्षी एस. एस. एल. सी. पास झाली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. 'व्हायचं होतं' म्हणजे काय ते सांगते: विहिरीच्या खांबावर खडूनं अक्षरं काढून ती मला शिकवायची, आणि मी नसले तर खांबाला शिकवायची. कुंभकोणमच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये तिला जागा मिळाली. ते कळलं त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं सगळ्यांना कॉफी केली आणि काकांच्या पेल्यात एक चमचा साखर जास्त घातली.

त्याच महिन्यात पापनाशमजवळच्या एका गावचं स्थळ आलं. आपलाच मराठी माणूस, मिरासदार, कालव्याकाठी भाताची शेती, स्वतःची तांदळाची गिरणी. पहिली बायको वारलेली, तीन मुलं, आणि अक्काच्या दुप्पट वय. काकांचा मुलगा तेव्हा परीक्षेत नापास होऊन तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पानं चघळत बसलेला असायचा. लग्न झाल्यावर तो त्या गिरणीत हिशेबनीस झाला. या दोन गोष्टी मला तेव्हा जोडता आल्या नाहीत. घरातल्या मोठ्यांना त्या पहिल्या दिवसापासून जोडता आल्या असणार.

अक्का भांडली नाही. तिचा देवावर गाढ विश्वास होता. त्या घरातला तेवढा एकच खरा विश्वास असावा. ती इकडच्या तमिळ वळणानं 'बरं' म्हणाली, "शरी काका. फुलं पाहा. तांबडं आलं तर मला कुंभकोणमला जाऊं द्यायचं."

"देवाच्या मनांत असेल तसं," काका म्हणाले.

शुक्रवारी मला पाटावर बसवलं. बसण्याआधी अक्का माझी वेणी नीट करायचं निमित्त करून वाकली आणि कानात म्हणाली, "नीट उचल गं." मी डोळे मिटले. तिच्यासाठी तांबडं मागितलं. जीव एकवटून मागितलं. मग डावीकडची पुडी उचलली आणि काकांनी ती उघडली. पांढरं.

काकूनं साखर वाटली. अक्का माझ्या हाताकडे बघत राहिली. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. मला तो हात कुठेतरी ठेवून यावा असं वाटलं.

दुसरी पुडी घेऊन मी कालव्यावर गेले. नुकतंच पाणी सोडलेलं होतं, लाल मातकट पाणी, गावातली पोरं उड्या मारत होती. मी काठावर बसले आणि पुडी उघडली. पाप लागतं हे ठाऊक होतं. पण मला ते तांबडं फूल बघायचं होतं, जे मी उचललं नाही ते. त्याच्यावर मला रागवायचं होतं.

आत पांढरं होतं.

मी पुडी परत बांधली नाही. फूल मुठीत धरून धावत घरी आले. आई मागच्या अंगणात इडलीचं वाटत होती. मी मूठ उघडून तिला फूल दाखवलं आणि म्हटलं, "आई, दुसऱ्यांतही पांढरंच होतं." तिचा हात थांबला. मग तिनं जे विचारलं ते मी आयुष्यात विसरले नाही. 'म्हणजे काय' असं नाही विचारलं, 'खरं सांगतेस कां' असंही नाही. ती म्हणाली, "उघडलीस कशाला?"

माझ्या वयाच्या पोरीलाही कळलं की हिला ठाऊक होतं.

तिनं पिठाच्या हातानंच माझं मनगट धरून मला आत नेलं आणि समईवर हात ठेवायला लावला. अक्काला सांगायचं नाही, आई जिवंत आहे तोवर कुणालाच सांगायचं नाही. "तिला देवानं दिलं असं वाटूं दे," आई म्हणाली. "माणसानं दिलं असं कळलं तर ती विहिरींत उडी घेईल. आणि यांनी घराबाहेर काढलं तर तुला घेऊन मी कुठं जाऊं? राजवाड्यांत जाऊं?" मी शपथ घेतली. आईचं पीठ माझ्या मनगटावर वाळलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत मी ते धुतलं नाही.

लग्न झालं. काकांनी कन्यादान केलं आणि डोळेही पुसले. केसानं गळा कापणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली, पण कापताना रडणारा तो एकच.

अक्काचं काय झालं, ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना अजून माझं डोकं फिरतं. तिला कुणी मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. पहाटे उठून तिनं धान उकडायच्या हंड्यांपाशी उभं राहायचं, तीन मुलांचं करायचं, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करायचं. पुस्तक हातात दिसलं की सासू म्हणायची, "काय गं, कचेरीला जायचंय की?" असंच चाललं, वर्षानुवर्षं. पुढे सावत्र मुलं मोठी झाली आणि तिला लिहितावाचता येतं हे त्या घरात सगळे विसरून गेले.

माहेरी यायची तेव्हा ती देवघरात पाऊल टाकायची नाही. सकाळी दारात कोलम, म्हणजे रांगोळी, काढायची, भाज्या चिरायची, हसायचीसुद्धा. पण आरतीला सगळे उभे राहिले की ती मागच्या अंगणात जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसायची. हात जोडायची नाही. लोक म्हणायचे, भाताची कोठारं भरली म्हणून माज आला. काका तर तिला समोर बसवून सांगायचे, "पोरी, देवानं एवढं दिलं, त्याला विसरूं नक्को." मी तेव्हा खांबाआड उभी असायची. त्यांच्या ताटातल्या सांबारात पाल पडावी असं मला वाटायचं, आणि तसं वाटल्याचं मला काही वाईट वाटायचं नाही.

पोंगलच्या आधी तिच्याकडून नव्या तांदळाचं पोतं यायचं. पोत्याच्या तोंडाशी माझ्यासाठी फडक्यात बांधलेली गुळाची पुरचुंडी असायची. पोतं आलं की काका म्हणायचे, "बघा, फुलांनी खोटं सांगितलं कां?" मी गूळ खायची आणि गप्प बसायची.

पुड्या मात्र मी उचलत राहिले, पुढची काही वर्षं, न्हाण येईपर्यंत. आणि दर वेळी कालव्यावर जाऊन दुसरी उघडून पाहायची. मला वाटलं होतं काका प्रत्येक वेळी लबाडी करत असतील. तसं नव्हतं. गाईच्या वेळी एक पांढरं होतं, एक तांबडं. कठड्याच्या वेळीही तसंच. रामेश्वरला कधी जायचं तेव्हाही. ज्या गोष्टीत काकांना स्वतःला काही पडलेलं नसायचं त्या ते खरोखर देवावर सोडायचे. दोन्ही पुड्यांत एकाच रंगाचं फूल निघालं की समजायचं, इथे काकांचं काहीतरी आहे. शेजारच्या विधवेनं परसातली जागा विकावी का, दोन्ही पांढरी. जागा काकांनीच घेतली. आईनं तिच्या भावाकडे महिनाभर जावं का, दोन्ही तांबडी. त्या महिन्यात काकूचं बाळंतपण होतं.

याचा मला जन्मभर उपयोग झाला, हे कबूल करायला हवं. लोक मला विचारतात, बाई, तुम्ही एवढं झटपट कसं ठरवता? कुणी माझ्यापुढे दोन वाटा ठेवल्या की मी आधी बघते, त्या खरंच दोन आहेत का. शाळेत आमच्या हेडमिस्ट्रेसबाई एकदा म्हणाल्या, एकतर शनिवारचे जादा वर्ग घ्या नाहीतर स्नेहसंमेलन सांभाळा, तुमच्या मर्जीवर आहे. दोन्ही त्यांचीच कामं. मी म्हटलं, तिसरं काय आहे? त्या बघतच राहिल्या. तिसरं होतं, त्यांनी स्वतः करणं.

मी मास्तरीण झाले ते कुणी अडवलं नाही म्हणून. माझ्या बदल्यात मिळण्यासारखी दुसरी गिरणी तालुक्यात नव्हती. शिवाय मी फार गुणी झाले होते. मान खाली, 'होय काका', 'शरी काका'. त्यांचं धोतर वाळत घालायचं, त्यांची कॉफी आटवून द्यायची. ज्याच्यावर उट्टं काढायचं त्याच्या जवळ असावं लागतं, एवढं मला कळत होतं. काका आल्यागेल्याला सांगायचे, "ही पोर म्हणजे गाय आहे."

मग आई गेली. शेवटच्या आजारात तिनं एकदा माझं मनगट धरलं, जिथे पीठ लागलं होतं तिथेच. आई गेली आणि तिच्याबरोबर समईची शपथही संपली.

तिच्या वर्षश्राद्धाला अक्का आली. काकांचा मुलगाही गिरणीवरून बायको आणि लहान मुलीला घेऊन आला. घर भरलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात काकांच्या धाकट्या लेकीला मद्रासला डॉक्टरकी शिकायला जागा मिळाली.

ही माझी चुलत बहीण अक्काच्या लग्नानंतर जन्मलेली. तिला बाराखडी मी शिकवली, त्याच खांबावर. हुशार, तोंडाळ, बापाला 'अप्पा, तुम्हांला कळत नाही' म्हणून तोंडावर सांगणारी. काका तिरुच्चीच्या एका घरी तिच्या लग्नाचा शब्द देऊन बसले होते. पण लेकीला सरळ 'नको' म्हणायची छाती नव्हती. काकूही लेकीच्या बाजूची. तेव्हा काका नेहमीचं बोलले. "वर्ष संपलंय, शुभ बोलायला हरकत नाही. शुक्रवारी फुलं पाहूं."

"पाहा," धाकटी म्हणाली. "पांढरं आलं तर मी चालले. मग रडायचं नाही अप्पा." बापाच्या देवावर तिचाही विश्वास होता.

काकांचे हात तोवर थरथरू लागले होते. पेला धरला की कॉफी सांडायची. केळीच्या धाग्याची गाठ मारणं तर दूरच. शुक्रवारी दुपारी ते मागच्या अंगणात मला शोधत आले. मी कण्हेरीखाली वाळवण राखत बसले होते.

"तुझे हात स्थिर आहेत," ते म्हणाले. "आज पुड्या तूं बांध."

"शरी काका."

त्यांनी मागे पाहिलं. मग खाली वाकून, अगदी मायेनं म्हणाले, "दोन्हींत तांबडं घाल."

मी मान वर केली नाही. वर केली असती तर माझ्या तोंडावरचा आनंद त्यांना दिसला असता.

"पोरीच्या भल्यासाठीच," ते म्हणाले. "देवाला कधीकधी थोडी मदत करावी लागते. तुला कळतंय की?"

"कळतंय काका," मी म्हटलं. "चांगलं कळतंय."

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या झाडाखाली बसून राहिले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो हाच, की बांधावी दोन्ही तांबडी. त्यांच्या लेकीच्याही हातून जाऊ दे जे आमच्या अक्काच्या हातून गेलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणणाऱ्याला कळू दे, शिकायचं राहून गेलेली लेक घरात खांबासारखी उभी असली की कसं वाटतं. पण यांना काय कळणार होतं? यांनाच तर तांबडी हवी होती. ती बांधली असती तर मी त्यांचं आणखी एक काम करून दिलं असतं, धोतर वाळत घातल्यासारखं. आणि धाकटीनं माझं काय घेतलं होतं? 'क' उलटा काढायची, एवढंच. एक पांढरं आणि एक तांबडं बांधावं आणि खरंच देवावर सोडावं, असंही मनात आलं. ते मात्र मी लगेच झटकलं. त्या घरात देवाला बरीच वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आता अचानक विचारून त्याला कशाला अडचणीत टाकायचं?

मी कण्हेरीच्या झाडावरून दोन पांढरी फुलं तोडली. माझे हात अजिबात थरथरले नाहीत.

संध्याकाळी दिवा लागला. सगळे देवघरापाशी जमले. अक्का नेहमीसारखी मागे, मधल्या दारात. काकांच्या मुलाच्या मुलीला पाटावर बसवलं. काकांनी प्रश्न सांगितला, आवाज गहिवरलेला, तोच तो अक्काच्या वेळचा गहिवर. मुलीनं झडप घालून एक पुडी उचलली. मी ती उघडली आणि ताटात फूल ठेवलं.

पांढरं.

धाकटी ओरडलीच. काकूनं तिला पोटाशी धरलं. मी काकांकडे पाहत होते. इतकी वर्षं मी ज्यासाठी 'शरी काका, शरी काका' केलं ते माझ्यासमोर होतं. त्यांचा जबडा हलत होता आणि शब्द येत नव्हता. बोलणार काय? माझ्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं. गप्प बसले असते तर तेवढ्यावर निभावलं असतं. मी तेवढ्यावरच समाधान मानणार होते, देवाशपथ. पण त्यांना ते पेललं नाही.

"दुसरी उघडा," ते म्हणाले.

"अहो, दुसरी उघडत नसतात," काकू म्हणाली. "तुम्हीच तर..."

"उघडा म्हणतों ना!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. स्वतःच पुडी उचलली, पण थरथरत्या बोटांना गाठ सुटेना. शेवटी त्यांच्या मुलानं, त्या गिरणीच्या हिशेबनिसानं, ती घेऊन दातांनी धागा तोडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ताटात दुसरंही पांढरं फूल पडलं.

मग काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं लबाडी केली! हिनं बांधल्या पुड्या!"

"मीच बांधल्या काका," मी म्हटलं. "मला काय बांधायला सांगितलं होतं तें सांगा की सगळ्यांना."

समई तडतडली. काकूनं लेकीला सोडलं आणि ती नवऱ्याकडे अशी बघू लागली की जणू एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बघते आहे. काकांच्या मुलानं हातातला धागा खाली टाकला.

आणि मागून, दारातून, अक्काचा आवाज आला. अगदी साधा, जेवायला किती जण आहेत विचारावं तसा.

"काका, माझ्या वेळेला दुसऱ्या पुडींत काय होतं?"

मी हे ठरवलं नव्हतं. मी काकांचं तोंड बंद करायचं ठरवलं होतं, पुढचं नाही. काका वळले. "तुझं काय वाईट झालं?" ते म्हणाले. "सोन्यासारखं घर मिळालं. शेत आहे, भात आहे. तुझ्या भल्यासाठीच..."

तिला उत्तर मिळालं.

ती माणसांमधून वाट काढत पुढे आली आणि उंबरा ओलांडून देवघरात गेली. इतक्या वर्षांनी. तिथे तिनं जमिनीला कपाळ टेकलं आणि खूप वेळ उठली नाही. उठली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. माझ्याजवळून जाताना हलकेच म्हणाली, "उगाच त्याच्यावर रुसले होते मी. त्यानं काही केलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती निघाली. आमच्यात निघताना वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. ती काकूच्या पाया पडली, देवाच्या पडली. काका ओट्यावर खुर्चीत बसले होते. सवयीनं त्यांनी पाय जुळवून पुढे केले आणि आशीर्वादाला हात उचलला. अक्का त्या पायांना वळसा घालून, पिशवी सावरत, पायऱ्या उतरली. समोरच्या ओट्यावरचे शेजारी पाहत होते. काकांचा हात तसाच अधांतरी थरथरत राहिला. मला झालेला आनंद मी आजही लपवणार नाही. काका त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण त्या घरात पुन्हा फुलं पाहिली गेली नाहीत.

मी तिला बसवर पोचवायला गेले. पापनाशमची बस उभी होती. खिडकीशी जागा मिळाल्यावर तिनं गज धरून मला विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

"तेव्हांच," मी म्हटलं. "कालव्यावर."

"तेव्हांच?" ती माझ्याकडे बघत राहिली. "लग्नाच्या आधी? आणि मला सांगितलं नाहींस?"

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं. आणि तिनं पुढचं विचारलं.

"आईला ठाऊक होतं?"

कालव्यावरच्या त्या दिवसापासून मी उघडल्याशिवाय एक पुडी सोडली नव्हती. आई अशी खरी समोर आली, पिठाच्या हातासकट. 'उघडलीस कशाला?' म्हणणारी. तिच्यावरही माझा राग होता, काकांवर होता तेवढाच, आजही आहे. तिनं एका लेकीला देऊन दुसरीला छप्पर घेतलं, आणि ती दुसरी मी. अक्कानं सगळ्यांना हिशेबात धरलं होतं, पण आईला नाही. माहेर म्हणून तिच्यापाशी तेवढीच उरली होती.

"नाहीं," मी म्हटलं. "आईला कांहीं ठाऊक नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नाहीं. काकांना भ्यालें."

अक्कानं गज सोडला. "भ्यालीस," ती म्हणाली आणि तोंड पलीकडच्या खिडकीकडे फिरवलं. बस निघाली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

पुढच्या पोंगलला तांदळाचं पोतं आलं, काकूच्या नावानं. मी त्याच्या तोंडाशी हात घालून पाहिलं, मग खाली कोपरापर्यंत घालून पाहिलं. नुसते तांदूळच होते.